ओझे न वाहणारी गाडी

मराठीत मोठ्या वस्तूला पुल्लिंगी आणि लहान वस्तूला स्त्रीलिंगी करण्याची एक जुनी रीत आहे. डबा मोठा, डबी लहान. सुरा मोठा, सुरी लहान. त्याच न्यायाने गाडा मोठा आणि गाडी लहान. गेली कित्येक वर्षे मी हा नियम वर्गात शिकवीत आलो आहे आणि दर वर्षी 'गाडा' या शब्दापाशी माझी जीभ अडखळते. कारण मी मढचा. आमच्या जुन्नर-आंबेगावकडे नुसते गाडा म्हटले की शर्यतीचा बैलगाडा, आणि तो घरच्या बैलगाडीपेक्षा मोठा तर नसतोच, उलट इतका हलका आणि आटोपशीर असतो की पाहणाऱ्याला खेळणे वाटावे. गाडी शेणखत वाहते, भात वाहते, प्रसंगी वऱ्हाड वाहते. गाडा काहीच वाहत नाही. घाटात पळताना त्याच्यावर हाकणारा माणूससुद्धा नसतो. चार बैल, त्यांच्यापुढे धावणारी घोडी, दोन्ही अंगांना 'भिर्रर्र'चा गजर, भंडाऱ्याचा पिवळा धुरळा, आणि दहा-बारा सेकंदांत बारी संपते. त्या दहा-बारा सेकंदांसाठी वर्षभर बैलांना खुराक, सुताराची मनधरणी आणि घरातल्या बायकांची बोलणी!

मढ कोठे, असे पुष्कळ वाचक विचारतील. मुंबईकरांना समुद्रकाठचे मढ ठाऊक असते. ते हे नव्हे. कल्याणहून माळशेज घाट चढून ओतूरच्या वाटेला लागले की पिंपळगाव जोगा धरणाचे पाणी दिसू लागते. त्याच्या आसपासच आमचे गाव. पावसाळ्यात घाटातले धबधबे पाहायला जाणाऱ्या हजारो मोटारी आमच्या गावावरून जातात. चहाला थांबतात. गावाचे नाव बहुधा कोणी विचारीत नाही.

यंदा पोळ्याला गावी गेलो तो दादाचे बोलावणे आले म्हणून. दादा माझा थोरला भाऊ. फोनवर म्हणाला, "मास्तर, तू ये. पोराचं डोकं फिरलंय. तुझ्याशिवाय कोणाचं ऐकायचा नाही." मी प्राध्यापक झालो तरी दादाच्या तोंडी मास्तरच राहिलो आहे, आणि पगार सोडला तर दोहोंत फारसा फरक नाही हे मलाही मान्य आहे.

डोके फिरल्याचे प्रकरण असे. माझा पुतण्या यांत्रिकीची पदविका घेऊन चाकणकडच्या एका कारखान्यात कंत्राटी नोकरीला लागला होता. ती सोडून त्याला आता मोटारींचे मातीचे नमुने करायला शिकायचे आहे. दोन वर्षांचा अभ्यासक्रम, आणि फी ऐकून मी स्वतः खुर्चीत सावरून बसलो. दादाने आपले गाऱ्हाणे एका दमात मांडले. "मातीची मोटार! जी रस्त्यावर चालायची नाही, जिच्यात कोणी बसायचं नाही, आणि काम झालं की खरवडून टाकायची. त्याच्यासाठी लागलेली नोकरी सोडायची? शेण-माती करायला आमचं रान काय कमी आहे?"

मी लगेच काही बोललो नाही. न बोलण्याला कारण होते. ते पुढे सांगेन. "मला पंधरा दिवस दे, मी वाचून सांगतो," एवढेच म्हणालो. अडचणीच्या प्रश्नाला ग्रंथालयात नेऊन बसवायची आम्हा लोकांची सवयच आहे. या सदरात मी एरवी शब्दांविषयी लिहितो. या खेपेस मोटारींविषयी लिहितो आहे ते त्या पंधरा दिवसांमुळे.

मोटारीच्या जगातही गाडा आणि गाडी असा भेद आहे, हे मला पहिल्याच दिवशी कळले. एक मोटार विकण्यासाठी बांधतात. दुसरी एकच बांधतात, ती केवळ दाखवण्यासाठी. ही दुसरी जात नावारूपाला आणली अमेरिकेच्या जनरल मोटर्स कंपनीने, आणि त्या कंपनीत हार्ली अर्ल नावाच्या गृहस्थाने. अर्ल हा १८९३ सालचा. त्याचा बाप लॉस एंजलिसमध्ये घोडागाड्या बांधीत असे. पुढे घोडे गेले, मोटारी आल्या, आणि बापलेक हॉलिवूडच्या नटांना मागणीप्रमाणे मोटारींचे सांगाडे बांधून देऊ लागले. कोणाला कसली हौस, कोणाला कसली! सुतारकी-लोहारकीच्या त्या घरात वाढलेल्या पोराने पत्रा ठोकण्याआधी मोटारीचा आकार मातीत करून पाहावा ही रीत धरली. कारखान्यांतून तेव्हा लाकूड आणि पत्रा घेऊन सरळ कामाला भिडत. माती चुकली तर अंगठ्याने सारखी करता येते; पत्र्याचे तसे नाही.

त्याने घडवलेली लासाल ही मोटार १९२७ साली विक्रीस आली, आणि कंपनीने त्याच्यासाठी 'कला आणि रंग' नावाचा एक स्वतंत्र विभागच उघडला. इंजिनाच्या माणसांना तो विभाग पोरखेळ वाटत असणार. आमच्या महाविद्यालयात विज्ञानवाले मराठी विभागाकडे ज्या नजरेने पाहतात ती नजर मी ओळखतो.

१९३८ साली अर्लने 'ब्यूइक वाय-जॉब' ही मोटार बांधली. ती एकच, आणि विकण्यासाठी नव्हेच. तिचे दिवे लागत नसत तेव्हा झाकले जात, काचा विजेवर वरखाली होत, दाराच्या मुठी अंगाबरोबर सपाट बसवलेल्या होत्या. आज हे सारे टॅक्सीतही सापडते, पण तेव्हाच्या माणसाला तो चमत्कार वाटला असेल. अर्ल ती गाडी कैक वर्षे स्वतः वापरीत असे. कामावर जाण्यायेण्याचा रस्ताच त्याने प्रदर्शन करून टाकला म्हणायचे. पुढे १९५१ साली 'ल साबर' आली. तिच्यात पावसाचा थेंब ओळखणारी एक युक्ती होती. मालक जवळ नसताना सर आली तर टप आपोआप वर येऊन गाडी झाकून घेई. हे वाचून मला आमच्या अंगणातल्या वाळवणांची आणि वहिनीच्या धावपळीची आठवण झाली.

मग या गाड्यांची जत्राच भरू लागली. तिला 'मोटोरामा' म्हणत. १९४९ पासून १९६१ पर्यंत ती आठ वर्षी भरली आणि सगळे मिळून एक कोटीवर माणसांनी ती पाहिली. नाचगाणी, झगमगाट, फिरत्या चौथऱ्यांवर ठेवलेल्या मोटारी! १९५४ च्या जत्रेत 'फायरबर्ड' नावाची एक मोटार होती, ती पाहून लोकांना जेट विमानाचे पंख छाटून चाके बसवली आहेत असे वाटे. आणि ते फारसे खोटे नव्हते, तिच्यात टर्बाइनच होते. लोक येत, तोंडात बोट घालीत, आणि घरी परतताना आपल्या कुवतीची शेवरोले घेण्याचा विचार करीत. कंपनी काही खुळी नव्हती. कोणता आकार पाहून माणसे थबकतात हे तिला असे फुकटात समजे. १९५३ च्या जानेवारीत न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ-अ‍ॅस्टोरिया हॉटेलात 'कॉर्व्हेट' ही नुसती दाखवायला म्हणून ठेवलेली गाडी लोकांनी इतकी उचलून धरली की त्याच वर्षी ३० जूनला ती कारखान्यातून विक्रीसाठी बाहेर पडू लागली. त्या साली तीनशे बांधल्या, सगळ्या पांढऱ्या. अशा भाग्यवान थोड्या.

बाकीच्यांचे काय होई? इथे माझे मन जरा खट्टू झाले. प्रदर्शनाचा हंगाम संपला की या गाड्यांची अडचण होऊ लागे. त्या रस्त्यावर विकता येत नसत, ठेवायला जागा लागे, आणि पुढच्या वर्षी नवे काही दाखवायचे असे. पुष्कळ गाड्या मोडून टाकण्याचे हुकूम सुटले. ज्यांच्यावर कारागिरांनी रात्रीचे दिवस केले त्या भंगारात. डेट्रॉइटजवळच्या वॉरहूप्स नावाच्या भंगारखान्यात अशा काही गाड्या पाठवल्या होत्या. मालकाने काही कापल्या, पण त्यांचा पुरता चुरा करवेना म्हणून मागच्या अंगाला टाकून ठेवल्या. वाफेसारखा फिका रंग ल्यालेली १९५५ ची 'शेवरोले बिस्केन' अशीच तुकडे होऊन तीसेक वर्षे पडली होती. एकोणीसशे ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस जो बोर्ट्झ नावाच्या शिकागोकडील एका छंदिष्टाने ती आणि तिच्या सोबतिणी विकत घेतल्या आणि पुढे कैक वर्षे खपून बिस्केन पुन्हा उभी केली. भंगारवाल्याला त्या का मोडवल्या नाहीत याचे उत्तर मला पुस्तकात शोधावे लागले नाही. आमच्या गोठ्यातच एक गाडा आहे.

जनरल मोटर्स आपल्याला परकी नाही. १९२८ साली या कंपनीने मुंबईत शिवडीला मोटारी जुळवण्याचा कारखाना काढला होता. हिंदुस्थानातला त्या तऱ्हेचा तो पहिला. परदेशातून सुटे भाग यायचे आणि इथल्या कामगारांनी जुळवायचे. स्वप्ने तिकडे रंगत, बोल्ट इकडे आवळले जात. स्वातंत्र्यानंतर, नुसते भाग जुळवणाऱ्यांना सरकारने वाट बंद केली आणि १९५४ साली तो कारखाना मिटला. पुन्हा २००८ साली कंपनी पुणे जिल्ह्यात तळेगावला आली. २०१७ च्या अखेरीस तिने देशातली विक्री थांबवली, २०२० च्या अखेरीस निर्यातीच्या गाड्याही बंद झाल्या, आणि तो कारखाना पुढे ह्युंदाईने घेतला. इतक्या येण्याजाण्यात आकार ठरवण्याचे काम मात्र पुण्यातच रुजले. टाटांच्या इंडिकेचे रूप इटलीतल्या कसबी लोकांच्या साहाय्याने झाले आणि ती १९९८ च्या जानेवारीत दिल्लीच्या प्रदर्शनात उभी राहिली. वीस वर्षांनी, २०१८ साली, त्याच प्रदर्शनात 'एच५एक्स' नावाने दाखवलेली टाटांची गाडी पुढच्या वर्षी 'हॅरियर' होऊन रस्त्यावर आली. आणि २०१७ साली जिनिव्हाला मिरवलेली 'रेसमो' ही दोन माणसांची देखणी चिमुकली मोटार कधीच विक्रीला आली नाही. कॉर्व्हेट आणि बिस्केन यांचीच कथा, फक्त गाव निराळे.

इथवर वाचून मी खुशीत होतो. पोराच्या बाजूने चांगलाच पुरावा जमला होता. मग शंकरराव कुलकर्णी आडवे आले.

इचलकरंजीचे हे गृहस्थ. इंजिनिअरिंगची पदवी नाही, पाठीशी कंपनी नाही. मध्यम वर्गाला परवडेल अशी लहान मोटार आपण आपल्या गावात बांधू, या ध्यासाने त्यांनी १९४९ साली दोन माणसांची पहिली गाडी उभी केली. ज्या वर्षी मोटोरामा सुरू झाला तेच हे वर्ष. पुढची वीस-एक वर्षे ते एकामागून एक नमुने सुधारीत राहिले. गाडीचे नाव 'मीरा'. इंजिन मागच्या बाजूला, धक्के सोसायला स्प्रिंगांऐवजी रबर, आणि किंमत, कारखाना निघाला तर, सुमारे बारा हजार रुपये. कारखाना निघाला नाही. परवानगी, कर, भांडवल यांच्या चक्रातून मीरा बाहेर पडलीच नाही, आणि देशाला छोटी मोटार मिळाली ती पुढे १९८३ साली, सुझुकीच्या मदतीने, मारुतीच्या रूपात. अर्लची गाडी मोडली तर कंपनीचे एक खाते कमी होई. कुलकर्ण्यांचे आयुष्य त्यात गेले.

ही हकिकत दादाला सांगावी की न सांगावी, याचा मी दोन दिवस विचार केला. दडवली असती तर पोराचे काम सोपे झाले असते. पण ज्या प्रश्नाला मी पंधरा दिवस मागून घेतले त्याचे अर्धेच उत्तर न्यायचे मला बरे वाटेना.

आता मी सुरुवातीला गप्प का बसलो ते सांगतो. २००१ साली मला पुण्यास एम.ए.ला जायचे होते, तेही मराठीत. वडिलांनी विचारले होते, "त्याचं पुढं काय होतं?" मला नीट सांगता आले नव्हते. त्या वेळी आमच्या दावणीला सोन्या होता. तालुक्यातल्या जत्रांतून त्याचे नाव घेतले जाई; एका वर्षी आमचा गाडा घाटाचा राजा ठरला तो त्याच्यामुळे. मी पुण्यास गेलो, आणि दिवाळीत परत आलो तेव्हा सोन्या दावणीला नव्हता. वडील म्हणाले, वय झाले होते. दादा काही म्हणाला नाही. सोन्याचे वय झाले नव्हते हे मला तेव्हाही ठाऊक होते. पण विचारले असते तर उत्तर ऐकावे लागले असते.

पुढे दादाने दुसरी जोडी केली. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींवर बंदी घातली. बैलांचे हाल होतात ही तक्रार सर्वस्वी खोटी होती असे मी म्हणणार नाही, आमच्याकडेही सगळेच गाडामालक दादासारखे नव्हते. दोन वर्षे त्याने ते बैल नुसते बसवून पोसले, मग विकले. २०२१ च्या डिसेंबरात न्यायालयाने वाट मोकळी केली, २०२३ साली तीवर अखेरचे शिक्कामोर्तब झाले. तोवर पळणाऱ्या बैलाची किंमत आमच्या आवाक्याच्या पलीकडे गेली होती. दावणीच्या जागी ट्रॅक्टर उभा असतो. गाडा मात्र गोठ्याच्या भिंतीला टेकून आहे. दादा दर पोळ्याला त्याच्यावरची गोणपाटे काढतो, धुतो, आखाला तेल देतो, भंडारा लावतो आणि पुन्हा झाकतो.

पंधरा दिवस मागून मी पोळ्याचा मुहूर्त धरला होता, तो असा. पहाटेच्या गाडीने उतरलो. गाडा धुऊन अंगणात निथळत होता. दादाला मी सगळे सांगितले: अर्ल, जत्रा, भंगारखाना, रेसमो. मीरासुद्धा. संगणक आले असताना माती कशाला, हा त्याचा प्रश्न बिनतोड होता. मी वाचले होते तसे सांगितले की पडद्यावर गाडी हातभर दिसते, तिच्या अंगावरून उजेड कसा ओघळेल ते पुऱ्या मापाची केल्याशिवाय कळत नाही. म्हणून लाकडाच्या आणि फोमच्या सांगाड्यावर ती खास माती भट्टीत ऊन करून थापतात, थंड झाली की पात्यांनी केसभर केसभर तासतात, वर चकचकीत पापुद्रा ताणून रंग दिल्याचा भास करतात. आणि खवट्याची जागा डोळ्याआधी तळहाताला लागते. अशी माणसे कारखान्यांना आजही लागतात. थोडी लागतात, हेही सांगितले.

"आणि त्या इचलकरंजीवाल्यासारखं झालं तर?"

"तो एकटा होता. हा नोकरी करील. पण होणारच नाही असं मी लिहून देत नाही."

दादा गप्प राहिला. मी धीर करून म्हटले, "निम्मी फी मी भरतो."

त्याने माझ्याकडे पाहिले. "सोन्याचे पैसे फेडतोस काय?"

इतक्या वर्षांत त्याने सोन्याचे नाव माझ्यासमोर असे पहिल्यांदाच घेतले. आतून वहिनी म्हणाली, "सणाच्या दिवशी भांडू नका," आणि चहा घेऊन आली. आम्ही भांडत नव्हतो. पण चहा झाल्याने बरे वाटले.

दावणीला बैल नसल्याने आमच्याकडे आता मातीच्या बैलांची पूजा होते. एरवी ते बाजारातून येतात. यंदा पुतण्याने स्वतः केले होते. पाटावर जोडी ठेवली आणि दादा हळदकुंकू घेऊन वाकला, तो तसाच थांबला. डावीकडचा बैल मान किंचित उजवीकडे वळवून उभा होता, एक शिंग दुसऱ्यापेक्षा कणभर आत झुकलेले. पोराच्या जन्माआधी तो बैल घरातून गेला होता. भिंतीवर एक फोटो आहे, तोही समोरून घेतलेला.

"शिंग कोणी सांगितलं?"

"आजीनं."

दादाने पाटावरून बैल उचलला. हातात फिरवून पाहिला. "वशिंड इथं नव्हतं," तो म्हणाला, "जरा मागं होतं." माती अजून ओली होती. त्याने अंगठ्याने वशिंड मागे सारले, खांद्याची बाजू दाबली, पोराने न बोलता पाण्याची वाटी पुढे केली. मग पुढचे पाय. मग पोळीची, म्हणजे गळ्याखाली लोंबणाऱ्या कातड्याची, घडी. पूजेचा दिवा विझायला आला तेव्हा वहिनीने तेल घातले. अर्ध्या तासाने दादाने बैल पुन्हा पाटावर ठेवला आणि हात धोतराला पुसले.

जेवायला बसल्यावर त्याने पोराला विचारले, "पैला हप्ता कधी भरायचा?"

"पंधरा तारखेच्या आत."

"मग चाळीतला कांदा आधी ओतूरला हलवायला पाहिजे," दादा म्हणाला, आणि माझ्याकडे वळून, "मास्तर, तू चार दिवस राहणार असशील तर गोण्या भरायला हो."